भाग जातो, कशानं ते माहीत नाही

"अहो, शेजारचा जितेश रिक्षा घेऊन खाली उभाय. हॉर्न वाजवून दमला तो. चला आता."

"अगं थांब जरा. संपतच आलंय."

हॉस्पिटलची पिशवी धरून मी दारात ताटकळत होते. आज अंबरनाथला ॲडमिट व्हायचं, उद्या सकाळी ह्यांची बायपास. आणि आमचे हे, शर्टाची बटणंही न लावता, कॉम्प्युटरसमोर.

काय तर म्हणे मूळ संख्या. दोनाला दोनानं गुणत सुटायचं, कोट्यवधी वेळा, आणि शेवटी त्यातून एक वजा करायचा. जो राक्षस उरेल त्याला एक आणि तो स्वतः सोडून आणखी कशानं भाग जातो का, ते तपासायचं. जगभरातल्या रिकामटेकड्यांना असा एकेक आकडा वाटून दिलेला. रिटायर झालेली माणसं भाजी आणतात, नातवंडं खेळवतात. ह्यांनी फॅक्टरीत जन्मभर माल पास-नापास केला, तीच खोड घरी आणली. आमच्या मांजर्लीत उकाड्यानं जीव जातो आणि आमचा टेबलफॅन मशीनच्या तोंडावर. मध्ये पालेगावला बारशाला जाताना मी गॅस आणि मेन स्विच बंद केला, सगळ्याच बायका करतात. तर परत आल्यावर ह्यांचं तोंड फुगलेलं, मशीन थांबलं म्हणून.

"झालं," हे म्हणाले.

"काय आलं?"

"मूळ नाही. भाग जातो."

"कशानं?"

"ते नाही कळत."

"म्हणजे?"

"भाग जातो एवढं नक्की. कशानं जातो, ते ह्या टेस्टमध्ये येत नाही."

माझं डोकंच फिरलं. "इतके महिने माझा पंखा पळवला, आणि एवढंसुद्धा सांगता येत नाही मेल्या मशीनला?"

"नापास मालालाही शिक्का लागतोच ना, वृंदा. कुणीतरी तपासायला लागतं." मग बटणं लावत म्हणाले, "आता दुसरा कुणीतरी हाच आकडा पहिल्यापासून करणार. माझं उत्तर बरोबर आहे का बघायला. तशी रीतच आहे आमच्यात."

"कोण करणार?"

"काय माहीत. ओळखपाळख नसते."

"आणि कधी?"

"सात-आठ वर्षांनी नंबर लागेल."

हे माझ्याकडे बघत नव्हते. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं, हा माणूस सकाळपासून घाबरलाय. मी तरी काय, घाबरले होते म्हणूनच ओरडत होते.

"मग आठ वर्षं कुठे जायचं नाही," मी म्हटलं. "तुमचं उत्तर चूक निघालं तर मी भांडू कुणाशी?"

हे उठले, दाराशी येऊन चपला घातल्या, त्याही डावी उजव्या पायात. मी खाली वाकले आणि बदलून दिल्या.