प्लास्टरचा गोळा

बाईंनी वाकून तिच्या कागदावर टिचकी मारली आणि कान जवळ नेला.

"ऐका रे," त्या वर्गाला म्हणाल्या, "हिचा गोळा वाजतोय. टण्ण!"

वर्ग हसला. तीही हसली, कारण बाई खोटं बोलत नव्हत्या. समोर टेबलावर पांढऱ्या कापडावर प्लास्टरचा पांढरा गोळा ठेवला होता. डावीकडच्या खिडकीतून त्यावर उजेड येत होता. तिच्या कागदावर मात्र पितळेचा गोळा उतरला होता. वर पांढराशुभ्र ठिपका, त्याला खेटून काळा पट्टा आणि खालच्या कडेला पुन्हा लख्ख रेघ.

"घरी काय करतात गं तुझ्या?"

"बाबा पॉलिशचं काम करतात. दाराच्या मुठी, नळ, जिन्याचे कठडे. मीही करायचे."

"तरीच! तू बटाटा काढलास तरी त्यात तोंड दिसेल."

त्या दिवसापासून वर्गात तिचं नाव 'झगमग' पडलं.

वाईट वाटून घ्यायला तिला सवड नव्हती. डिझाइनच्या त्या संस्थेत तिला सहा आठवड्यांच्या बोलीवर घेतलं होतं. सहाव्या शनिवारी हाच गोळा काढायचा होता. तीन तास, फक्त पेन्सिल. जमला तर प्रवेश पक्का. नाही जमला, तर परत बाबांच्या कारखान्यात, पॉलिशच्या दुसऱ्या चाकावर. बाबांनी बजावूनच ठेवलं होतं, "सहा आठवडे एकट्यानं रेटतो. पुढं माझे खांदे ऐकायचे नाहीत."

पण काय ते आठवडे होते! पेन्सिल लिहिताना धरतात तशी न धरता आडवी धरायची, हे तिला पहिल्याच दिवशी कळलं, आणि इतकी वर्षं आपण पेन्सिलीचं नुसतं टोकच वापरत होतो याचं तिला हसू आलं. एका पट्टीवर नऊ घरं आखायची. पहिलं कोरं, शेवटचं काळंकुट्ट, मधली सात एकेक पायरी उतरत जाणारी. पाचवं आणि सहावं हटकून सारखंच व्हायचं. तिनं अशा चाळीस पट्ट्या भरल्या. रेघा वस्तूच्या अंगावरून फिरवायच्या, गोल वस्तूवर गोल, सपाटीवर सपाट. बोटानं चोळायचं नाही, चोळलं की बाई लांबूनच ओरडायच्या, "ते पुसणं झालं, बघणं नव्हे!"

आणि मग जिकडेतिकडे सावल्याच दिसायला लागल्या. बसमध्ये पुढच्या गृहस्थाच्या मानेवर, कॉलरपाशी, सातव्या घराची छटा होती. ती बघता बघता तिचा थांबा मागे गेला. दोन थांबे उलटं चालत येतानाही तिला राग आला नाही, कारण वाटेतल्या भिंतीवर चौथं घर पसरलेलं होतं.

सगळं दिसत होतं. तो गोळा तेवढा ऐकत नव्हता. पाचवा आठवडा संपला तरी कागदावरचा गोळा चमकतच होता. डोळ्यांना प्लास्टर दिसायचं, हात पितळ काढायचे.

त्या रविवारी ती वही घेऊन कारखान्यात गेली. कठड्याच्या टोकांवर बसवायचे पितळी गोळे ओतकामातून नुकतेच आले होते. खरबरीत, मातकट, अंगावर जराही चमक नाही.

"बाबा, यातला हा एक पॉलिश न करता ठेवा ना. मला चित्रासाठी हवाय."

"अर्धवट माल? माझ्या कारखान्यात?"

"एका दिवसापुरता. कुणाला दिसणार नाही असा ठेवीन."

"मला तर दिसेल ना," असं म्हणून बाबांनी नेमका तोच गोळा चाकाला लावला.

ती खुर्चीत हातांची घडी घालून बसली. दहा मिनिटांत गोळ्यात सगळा कारखाना उतरला. दिवा, खिडकी, तिचं फुगलेलं तोंड. बाबांनी गोळा खालच्या पांढऱ्या फडक्यावर ठेवला, चेहरा जवळ नेला आणि त्यावर जोरात 'हाऽ' केलं.

चमक गेली. वाफेनं पितळ आंधळं झालं, आणि दोन श्वासांपुरता तिथं नुसता गोळा उरला. उजेड वरून हलकेच पसरत आला, पातळ होत गेला, एका जागी खोल बुडाला आणि त्याच्याही खाली, अगदी कडेला, फडक्याकडून थोडासा परत आला. किती थोडासा! ती तिथं लख्ख रेघ मारत होती. मग वाफ कडेकडून आटली आणि दिवा पुन्हा गोळ्यात येऊन बसला.

ती ताडकन उठली. "हे काय केलंत?"

"काय केलं? ओरखडे बघतोय. चमक असली की ते लपतात. नेहमीच करतो."

"मी कधी बघितलं नाही!"

"तू खाली मान घालून नळ घासायचीस, वर कशाला बघशील? काय झालं एवढं?"

"पुन्हा करा."

बाबांनी पुन्हा 'हाऽ' केलं. तिची पेन्सिल धावत सुटली. वाफ विरली.

"पुन्हा! अहो, लवकर!"

"अगं, चक्कर येईल मला."

"मग बसून करा."

बाबा स्टुलावर बसले. विसाव्या खेपेनंतर ते वहीकडे डोकावू लागले. तिसाव्या खेपेला त्यांनी काळं बोट कागदापासून वीतभर दूर धरून दाखवलं, "हा खालचा उजेड अजून मोठा झालाय तुझा. फडक्याकडून आलेला, उसना आहे तो. मालकापेक्षा वरचढ कसा होईल?"

तिनं ती कड एक घर उतरवली. गोळा कागदावरून उठून बसला. मग बाबांनी न सांगताच पुन्हा श्वास भरून घेतला.

शनिवारी तीन तासांपैकी पहिला अर्धा तास ती नुसती बघत बसली. उरलेला वेळ कसा गेला ते तिला कळलं नाही. चार वाजता बाईंनी तिचा कागद हातभर लांब धरला, मग जवळ घेतला, मग कानाशी नेला.

"आवाज बंद," त्या म्हणाल्या आणि खाली सही केली. "सोमवारी वेळेवर ये, झगमग."

ती बसची वाट न बघता निघाली, निम्मं अंतर पळतच. सांगायचं वाक्य वाटेत चारदा बदललं. कारखान्याच्या दारापाशी मात्र तिचे पाय थबकले. दारावर नवी पाटी होती, बाबांच्या वाकड्यातिकड्या अक्षरांत: 'पॉलिशकामाला माणूस पाहिजे.'

"ही कधी लागली?" तिनं शेजारच्या किल्लीवाल्याला विचारलं.

"सकाळीच. तू इकडं बाहेर पडलीस आणि तिकडं हातोडी ठोकायला सुरुवात."

आत चाक फिरत होतं. ती दारात उभी राहिली. बाबांनी चाक बंद केलं, हात पुसले, पण तिच्याकडे न बघता ते पाटीकडेच बघत बाहेर आले.

"सरळ लागलीय का गं? जवळून कळत नाही."

ती रस्ता ओलांडून पलीकडे गेली. कागदाची सुरळी काखेत धरून तिनं एक डोळा मिटला.

"डावी बाजू वर घ्या."

"एवढी?"

"अजून थोडी. अजून. बस्स."