जांभळीचा पार

"काय पाजलं माज्या जांभळीला ते सांगा भावजी, मगच हितनं हला," म्हणत नंदाबाई बाजीरावाच्या वाटेत उभी राहिली, तेव्हा आम्ही सगळे भाताची बेणणी, म्हणजे तण उपटायचं काम, टाकून बांधावर गोळा झालो. भांडण म्हटलं की आमच्या गावाला चिखलातसुद्धा पळता येतं.

बाजीरावाच्या पाठीवर तणनाशकाचा पंप होता, तेवढाच त्याचा गुन्हा. त्याच्या बांधापलीकडं, लोहगडवाडीच्या रस्त्याला नंदाबाईची जांभळ उभी होती. श्रावण अजून सरला नव्हता, चारी बाजूंनी डोंगर हिरवेगार, आणि ही एकटी पिवळी पडलेली. वारा नसतानाही पानं गळत होती.

"वैनी, मी बांधाच्या गवताला मारतोय. जांभळीनं माजं काय घोडं मारलंय?"

"मग पानं का पिकली? जांभळीची पानं कदी सरावनात पिकत्यात व्हय? सांगा की."

ते कुणालाच सांगता येत नव्हतं. गावातल्या म्हाताऱ्या झुंबरबाईच्या मते झाडाला दृष्ट लागली होती. तिनं मिरच्याही ओवाळून टाकल्या होत्या. रविवारी गडावर येणारी शहरातली पोरं मात्र त्या पिवळ्या पानांखाली फोटो काढून खूश होऊन जात. नंदाबाई घराच्या ओट्यावरून ते बघायची आणि आत निघून जायची.

ती जांभळ तिच्या कैलासची. शाळेतून येताना खाल्लेल्या जांभळाची बी त्यानं तिथं पुरली होती. एकुलता एक पोरगा. दोन वर्षांपूर्वी टेकडीवरच्या एका बंगल्याच्या पाइपलाइनसाठी चर खणताना वरची दरड अंगावर आली. सगळा गाव उकरायला धावला होता. आम्ही त्याला बाहेर काढलं तेव्हा त्याच्या तोंडात माती होती. ती गोष्ट अजून आम्ही एकमेकांत बोलत नाही.

त्यानंतर नंदाबाई अंथरुणाला खिळली. खाणं नाही, बोलणं नाही. मग एक दिवस उठून म्हणाली, कैलासच्या जांभळीला पार बांधायचा. गाव लगेच लागला कामाला. कंबरेएवढा दगडी कट्टा, आत मुरूम दाबून भरला, वर सिमेंट थेट खोडाला भिडवलं आणि त्यावर कैलासच्या नावाची काळी फरशी बसवली. पार झाला त्या दिवशी नंदाबाई त्यावर बसली आणि अख्खी भाकर खाल्ली. आमच्या डोळ्यांना पाणी आलं होतं.

"आईची आन घेतो वैनी," बाजीराव म्हणाला. पाठीवरचा पंप त्यानं खाली उतरवला. "कैलास माज्या अंगाखांद्यावर वाढलाय. मी त्याचं झाड मारीन व्हय?"

तेवढ्यात भिमाजी आला. नंदाबाईचा नवरा, आधीच कमी बोलणारा आणि पोरगा गेल्यापासून तर अगदीच मुका झालेला. पावसासाठी डोक्यावर घेतलेली गोणपाटाची खोळ काढून तो म्हणाला, "बाजीरावाला सोड. त्यानं काय न्हाई केलं."

"मग कुणी केलं?"

"पारानं."

 पावसाची सर आली तरी सगळे जागेवरच उभे.

"बुंधा कंबरेपातुर मुरमात हाय," भिमाजी खाली बघत म्हणाला. "वरनं शिमिट. मुळ्यांना वारा न्हाई. आत मुरल्यालं पानी तितंच कुजतंय. झाड गुदमरलं की पानं आदीच पिकवून टाकतं."

"तुमाला कदी कळलं हे?"

"गवंडी मुरूम ठोकत हुता तवाच."

नंदाबाई जांभळीकडं बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, "म्हंजी ह्यालाबी मातीतच गाडलं. ह्या टायमाला मी गाडलं."

कुणीतरी "तसं न्हाई मावशी" म्हणायला लागलं. तिनं ऐकलं नाही. ती बाजीरावाकडं वळली. "भावजी, पहार हाय का घरी?"

ज्याला तिनं मघाशी गुन्हेगार ठरवलं होतं, त्यानंच पहार आणली आणि पहिला घावही त्यानंच घातला. सिमेंटची खपली निघाली, दगड निखळले. मुरूम लागला तेव्हा आमच्यातल्या प्रदीपनं फावडं उचललं. नंदाबाईनं त्याचा हात धरला.

"फावडं नको. लागंल त्याला."

दरड कोसळली त्या दिवशीही शेवटी आम्ही फावडी टाकून हातांनीच उकरलं होतं. आता पुन्हा तसेच गुडघ्यांवर बसलो. मुरूम काळा पडला होता, त्याला आंबूस वास येत होता. त्यात जांभळीच्या बारीक मुळ्या दिसल्या, वर वर आलेल्या, सिमेंटला जाऊन टेकलेल्या. नंदाबाईनं त्या बघितल्या आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मला इथं लिहिता येणार नाही.

भिमाजीनं नख लावून साल तपासली. रस्त्याकडची साल ओल्या कागदासारखी हातात आली. शेताकडच्या अंगाला थोडा हिरवा ओलावा होता.

"निम्मी गेली," तो म्हणाला. "निम्मीचं काय सांगता येत न्हाई."

संध्याकाळपर्यंत बरेच लोक घरी गेले. नंदाबाई खड्ड्याच्या काठावर बसली होती, नखांत मुरूम, डोक्यावर दोन पिवळी पानं.

"तुमी तवाच बोलला असता, तर झाड ऱ्हायलं असतं," ती नवऱ्याला म्हणाली.

"व्हय," भिमाजी म्हणाला. "पर तू न्हाई ऱ्हायली असतीस. त्या दिशी तू भाकर खाल्लीस."

तिनं डोक्यावरची पानं झटकली. मग उठली आणि उरलेल्या कट्ट्यावरच्या काळ्या फरशीखाली बोटं घातली.

"हात लावा," म्हणाली.

दोघांनी मिळून कैलासच्या नावाची फरशी उचलली आणि बांधाला टेकवून ठेवली. मग फरशी जिथं होती तिथला मुरूम नंदाबाई परत हातांनी काढू लागली.