ठिगळी

दुरुस्तीला आलेल्या गिटारच्या मानेवरची काळी पट्टी तिने खिडकीशी नेऊन भिंगाखाली पाहिली आणि आडपडदा न ठेवता सांगून टाकलं, की हे लाकूड आता एकदाच फ्रेट बदलू देईल. मानेवर आडवे बसवलेले ते धातूचे फ्रेट आधी दोनदा बदलून झाले होते, दोन्ही वेळा तिच्या वडिलांच्या हातून. फ्रेट उपसताना खाचेच्या कडेचे टवके निघतातच. आता त्या खाचा म्हाताऱ्या हिरड्यांसारख्या झाल्या होत्या. अजून एकदा दात बसले असते; ते पुन्हा उपटायची वेळ आली, तर अख्खी पट्टी बदलावी लागली असती. आणि पट्टी बदलल्यावर गिटार पूर्वीसारखीच बोलेल याची हमी कोणी देत नाही.

गिटार सरांची होती. त्या भागात ज्याला म्हणून चार कॉर्ड वाजवता येत, तो सरांच्या हाताखालून गेलेला. आता त्यांच्याकडे तीनच मुलं उरली होती. सर स्टुलावर बसून होते, बोलत होत्या काकू. पंचेचाळीस वर्षांच्या संसारात कामाची ही वाटणी कधीच ठरून गेलेली होती. काकूंनी सांगितलं, की साखरेच्या दुखण्याने सरांच्या डाव्या हाताची बोटं निकामी होत चाललीत, जोर राहिला नाही, वाजवताना कॉर्ड खरखरते. कोणीतरी त्यांना सांगितलं होतं, की उंच फ्रेट बसवले की कमी दाबावं लागतं. तेव्हा सगळ्यात उंच बसव, आणि स्टीलचे बसव, म्हणजे पुन्हा बघायला नको.

स्टीलला तिने नाही म्हटलं. स्टीलची फ्रेट-वायर कडक. ती ठोकताना या खाचा टिकल्या नसत्या. जर्मन सिल्व्हरची मऊ वायर बरी. उंचीचं मात्र तिला पटलं. फ्रेट उंच असला की बोट लाकडापर्यंत जाण्याआधीच तार त्यावर टेकते, कमी जोर लावून काम होतं. कॉलेजात ती पदार्थविज्ञान शिकली होती. एवढ्यासाठी कागद-पेन्सिल घ्यायची गरज नव्हती.

वडिलांचा मात्र एक नियम होता. कपाटावर एक जुनी, कोणाचीच नसलेली गिटार असे. तिच्या मानेवर त्यांनी तीन तऱ्हांची वायर बसवलेली होती: पहिली चार घरं, म्हणजे पहिले चार फ्रेट, ठेंगणी, मधली चार मध्यम, वरची सगळी उंच. तिला ते ठिगळी म्हणत. गिऱ्हाईक कितीही ओळखीचं असो, ठिगळीवर वाजवून दाखवल्याशिवाय ते वायर कापत नसत. लोक हसायचे, एकाने तर विचारलं होतं, की चप्पल घालून बघतात तसं का. वडील म्हणाले होते, "तसंच. पाय तुमचा आहे, माझा नाही."

त्या दिवशी ठिगळी कपाटावर तीन रिकाम्या पेट्यांखाली होती. तिच्या स्वतःच्या दुखऱ्या उजव्या मनगटाला पट्टा होता. सकाळपासूनचं हे चौथं गिऱ्हाईक. काकूंनी सगळं सांगितलेलं होतं आणि हिशोब सरळ होता. तिने ठिगळी काढली नाही. सरांना एक प्रश्नही विचारला नाही.

पुढे चार दिवस ती त्या मानेवर वाकून होती. जुना फ्रेट सोल्डरिंगच्या टोकाने तापवायचा, पकडीने केसाएवढा उचलायचा, थांबायचं, पुन्हा उचलायचा. निघालेले टवके चिमट्याने जागच्या जागी चिकटवायचे. मग नवी वायर घरागणिक कापून हातोडीने हलकेच बसवायची. वीस फ्रेट बसले तेव्हा तिला बसल्या जागी पेंग येत होती, पण काम चोख झालं होतं. त्याबद्दल तिला समाधान वाटायला हवं होतं. तेवढी ताकद नव्हती.

पाचव्या दिवशी दुपारी दोघं आले. काकूंनी येताना थर्मासमधून चहा आणला होता, तो तीन कपांत ओतला. सरांनी तारा जुळवल्या, कान जवळ नेला, मान डोलावली. मग पहिली कॉर्ड धरली आणि छेडली.

कॉर्ड बेसूर होती. थोडीच, पण ज्याला ऐकू येतं त्याच्या दातात कळ यावी इतकी. सरांनी तारा पुन्हा तपासल्या. मोकळ्या तारा सुरात होत्या. दुसरी कॉर्ड धरली, तीही चढी. तिसरी धरली आणि छेडलीच नाही. गिटार त्यांनी दोन्ही हातांनी, झोपलेलं मूल ठेवावं तशी, टेबलावर ठेवली.

"गिटार छान झालीय, पोरी," ते म्हणाले. चोपन्नाव्या वर्षी तिला पोरी म्हणणारं आता दुसरं कोणी उरलं नव्हतं. "माझाच हात गेला. त्या तिघांना सांगून टाकतो, दुसरा कोणी बघा म्हणून."

काकू थर्मासचं झाकण लावत राहिल्या. ते केव्हाच लागलेलं होतं.

गप्प बसणं अगदी सोपं होतं. फ्रेट सरळ होते, माथे गोल होते, तारांची उंची मापात होती. सरांचा हात गेला, हे सर स्वतःच म्हणत होते. खोट निघालीच, तर पुन्हा चार दिवस वाकायचं, आणि तेही अशा लाकडावर, ज्यातून आता काहीच उपसता येणार नव्हतं. तिला नुसत्या कल्पनेने थकल्यासारखं झालं. पण सरांचा डावा हात टेबलावर उताणा पडला होता आणि बोटांच्या टोकांवर तारेचा वळ उठला होता. खोल, पांढरा. जोर गेलेल्या बोटावर असा वळ उठत नाही.

"सर, तुम्ही दाबता किती?" तिने विचारलं. पाच दिवसांतला हा पहिला प्रश्न.

"ते कळलं असतं तर काय हवं होतं. काही कळतच नाही टोकांना. लागेपर्यंत दाबतो."

"काय लागेपर्यंत?"

सरांनी तिच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "लाकूड. आणखी काय?"

ती उठली. स्टूल ओढून कपाटावरच्या तिन्ही पेट्या तिने एकेक खाली ठेवल्या, ठिगळीवरची धूळ बाहीने पुसली, तारा जुळवल्या आणि ती सरांच्या मांडीवर ठेवली. पहिल्या चार ठेंगण्या घरांत सरांनी तीच कॉर्ड धरली. स्वच्छ वाजली. तिने त्यांना हात वर सरकवायला सांगितला, उंच घरांत. तिथे सूर पुन्हा चढा लागला. ते खाली आले, परत वर गेले, परत खाली आले. चौथ्यांदा खाली येताना ते स्वतःशीच हसले.

"हात ठीक आहे तुमचा," ती म्हणाली. "चूक माझी आहे. बोटं अशक्त आहेत असं मी धरून चालले. ती आंधळी आहेत. चाचपडत लाकूड शोधतात. जुने फ्रेट झिजलेले होते, लाकूड लगेच हाताला लागायचं. मी ते खोल नेऊन ठेवलं. तुम्ही तिथवर दाबत जाता, तार ताणली जाते, सूर चढतो."

"म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला," सर म्हणाले.

"पण ती कॉर्ड खरखरायची, ती?" काकूंनी विचारलं.

ती जुन्या फ्रेटवर झिजून पडलेल्या खड्ड्यांमुळे, तिने सांगितलं. हातामुळे नाही.

काकूंनी थर्मास बाजूला सारला. मग म्हणाल्या, की उंच बसव असा धोशा त्यांनीच लावला होता. सरांनी त्यावर सांगितलं, की हे एक बरं झालं, पंचेचाळीस वर्षांत काकू पहिल्यांदा चुकल्या, आणि त्यांना सोबतही मिळाली.

उपसणं शक्य नव्हतं. पण उंच फ्रेट कानशीने घासून ठेंगणा करता येतो, ठेंगणा उंच करता येत नाही. विसाच्या वीस फ्रेट निम्म्यावर आणायचे आणि माथे पुन्हा गोल करायचे. वायर स्टीलची असती तर तिच्या मनगटाने केव्हाच हात टेकले असते. तोटाही तिने सांगितला: निम्मा धातू घासून गेल्यावर पंधरा वर्षं चालणारे फ्रेट पाच-सहाच वर्षं चालतील, आणि त्यानंतर या पट्टीचं काही खरं नाही.

"मी पंचाहत्तरचा आहे," सर म्हणाले. "गिटारने माझ्यापेक्षा जास्त जगावं, असा माझा काही हट्ट नाही."

दहा दिवस लागतील, ती म्हणाली. मनगट रोज तासाभरापेक्षा जास्त चालत नाही. सरांनी ठिगळी अजून मांडीवरून खाली ठेवली नव्हती. दहा दिवस ही नेली तर चालेल का, असं त्यांनी विचारलं. काकूंनी आठवण करून दिली, की तिची चारच घरं त्यांच्या कामाची आहेत.

"पुरे झाली," सर म्हणाले. "त्या तिघांना पहिल्या चार घरांच्या पुढे येतंय काय?"

ठिगळीला धड पेटी नव्हती. काकूंनी ती आपल्या शालीत गुंडाळली आणि दोघं गेले. कपातला चहा तसाच राहिला होता. तो तिने गार झालेला प्यायला. मग पट्टीच्या लाकडावर चिकटपट्टी लावली, फ्रेटचे माथे मार्करने काळे केले आणि लांब कानस एकदा हलक्या हाताने फिरवली. प्रत्येक माथ्यावर केसाएवढी चकचकीत रेघ उठली. तिने एक फ्रेट व्हर्निअरने मोजला, आकडा कागदावर लिहिला, मनगटाचा पट्टा एक घर घट्ट केला आणि कानस पुन्हा पहिल्या फ्रेटपाशी आणली.