झाऊच्या झाडाचा अंगठा

नझीर मुकादमला कामचुकार कोणी म्हणालं नसतं. खोड एकच, घाई. आणि एकोणीसशे सत्तावन्नच्या त्या मार्चात घाईला कारणही तसंच होतं. सात वर्षांनी बायको ताहिरा मुंबईहून बोटीने कुवेतला येणार होती. अब्बा वारले तेव्हासुद्धा त्याला रत्नागिरीला जायला सुट्टी मिळाली नव्हती. निदान संसार तरी इथे मांडावा, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. तो ज्या कंपनीत कारकून होता ती जुनी मातीची घरं पाडायची, आणि कुटुंबवाल्यांसाठी तिच्याकडे एकच खोली उरली होती.

"शेवटचं घर रिकामं करून दे, खोली तुझी," कंपनीचे मिसरी, म्हणजे इजिप्तचे, साहेब म्हणाले.

शेवटचं घर अकबर नावाच्या इराणी रोटीवाल्याचं. घर सोडायच्या कागदावर अकबरने निमूट अंगठा दिला आणि अंगणातल्या झाऊच्या झाडाकडे बोट दाखवलं. "माझं झालं. आता थोरल्यांचा घ्या."

"कोण थोरले?"

म्हाताऱ्याने सगळं सांगितलं. इराणच्या जुन्या राजांच्या कहाण्यांत एका निष्पाप शहजाद्याची मान कापली गेली. रक्त सांडलं तिथे झाड उगवलं. अकबरचं घराणं त्याच झाडाचं, म्हणून झाड घरातलं थोरलं. आजोबांनी त्याची फांदी होडीतून इकडे आणली. घरात कोणी मेलं की एक फांदी वाळते. झाडाची काडी चुलीत घालायची नाही, सावलीत शिवी द्यायची नाही, आणि थोरल्यांच्या परवानगीशिवाय लग्न ठरवायचं नाही.

"परवानगी देतात कशी?"

"अजून कधी नाही म्हणाले नाहीत."

नझीरला हसू येईना. त्याच्या जन्माला गावी लावलेल्या माडावर कोणी कोयता उगारला असता, तर त्याची आई आडवी पडली असती. पण बोट चार दिवसांवर आली होती. त्याने खोडाला शाई फासली, कागद दाबला आणि लिहिलं: नाव, थोरले. वय, ऐंशी. धंदा, उभे राहणे.

साहेबांनी कागद वाचला आणि त्यांचे डोळे भरून आले. "ऐंशी वर्षांचा माणूस अजून उभ्याने काम करतो! त्याला रस्त्यावर काढू? उरलेली खोली त्याला दे."

करायला गेला एक आणि झालं भलतंच. खरं सांगावं तर खोट्या कागदापायी नोकरी जाणार, न सांगावं तर खोली जाणार.

"साहेब, म्हातारा एकटा कसा राहील?" नझीर चाचरत म्हणाला. "मी राहतो सोबत. मुलासारखा."

"सारखा चालत नाही. नातं लिही."

नझीरचा हात क्षणभर थांबला. मग त्याने लिहिलं: मुलगा.

अकबर पुतण्याकडे राहायला निघाला होता, पण तिथे अंगण नव्हतं. त्याने झाडापुढे उभं राहून परवानगी मागितली, नकार आला नाही, तेव्हा एक फांदी तोडून ओल्या गोणपाटात बांधली. "थोरले आता इथे आहेत," तो म्हणाला. "मागे उरलं ते लाकूड."

गुरुवारी ताहिरा बोटीतून उतरली. खोलीच्या दारात साहेबांनी थोरल्यांसाठी पाठवलेल्या नव्या चपला होत्या आणि अंगणात अकबरने फांदीसाठी खणलेला खड्डा होता. नझीरने काही न लपवता सगळं सांगितलं. ती हसेल, नाहीतर रडेल, असं त्याला वाटलं होतं. तिने डोक्यावर पदर घेतला आणि वीतभर फांदीला सलाम केला.

"घरच्यांनी माती द्या," अकबर म्हणाला.

नझीर वाकला. पहिली मूठ पडली, दुसरी पडली. कबरीवर देतात तशा तीन मुठी आपण मोजतोय, हे त्याला तिसरीला कळलं, आणि ती मूठ काही केल्या उघडेना. त्याला हुंदका फुटला. साहेबांच्या कागदावर मुलगा झालेल्या नझीरने आपल्या बापाला माती दिली नव्हती.

ताहिराने एकेक बोट सोडवलं.

"सोडा आता," ती म्हणाली. "पोचली अब्बांना."