बिनऔषधाच्या माशा

आसमानं बाटली उजेडाकडे धरली आणि तिच्या तोंडून शिवीच जाणार होती. समोर बी.एस्सी.च्या दोन मुली उभ्या होत्या म्हणून तिनं ती गिळली. तळाशी, मक्याच्या पिवळ्या खिरीवर, माशा पाय वर करून पडल्या होत्या. शंभरातल्या साठ तरी. आणि मेल्या कोणत्या? ज्यांना काहीच दिलं नव्हतं त्या!

तिथंच तर सगळं घोडं पेंड खात होतं.

मेहकरच्या एका कॉलेजात आसमा तासिका तत्त्वावर प्राणिशास्त्र शिकवायची आणि सहा वर्षांपासून पीएच.डी.च्या मागं होती. का पीएच.डी. तिच्या मागं होती, अल्ला जाणे. विषय होता सेलेनियम. मातीतून धान्यात आणि धान्यातून पोटात जाणारं द्रव्य. कणभर मिळालं तर अंगाला हवंच असतं, जास्त झालं की विष. मध्यंतरी जिल्ह्यातल्या काही गावांत लोकांचे केस गळाले आणि बोट सेलेनियमकडे गेलं, तेव्हापासून हा शब्द पार चहाच्या टपरीपर्यंत पोचला होता. घरी जानेफळला जाताना बसमध्ये शेजारची बाई विचारायची, "तुमच्या त्या सेलेनियमवर काही निघालं का वो?" काय सांगणार? निघालं होतं फक्त आसमाचं दिवाळं.

माणसांना सेलेनियम चारून बघता येत नाही, म्हणून तिनं फळमाशा पाळल्या होत्या. पिकल्या केळ्यावर घोंगावतात ना, त्याच. मोहरीपेक्षा थोड्या मोठ्या. बारा दिवसांत अंड्याची माशी होते आणि सव्वा महिन्यात तीन पिढ्या डोळ्यांपुढे होऊन जातात. काही बाटल्यांत सेलेनियमचा एक क्षार, काहींत दुसरं संयुग, आणि काहींत नुसतं अन्न. या नुसत्या अन्नावरच्या माशांना शास्त्रात कंट्रोल म्हणतात. प्रयोगशाळेचे शिपाई भाऊराव त्यांना 'बिनऔषधाच्या' म्हणायचे. या बिनऔषधाच्या ठणठणीत जगल्या तरच बाकीच्यांचं जगणं-मरणं मोजायला अर्थ. त्याच मरायला लागल्या तर विद्यापीठ दारात उभं करत नाही. आणि विद्यापीठानं शेवटची मुदत दिली होती मार्चअखेर. तोवर तीन पिढ्यांचे आकडे समितीपुढे ठेवले नाहीत तर नोंदणीच रद्द.

डिसेंबरात हे मरणं सुरू झालं. त्याआधी सगळं सुरळीत होतं, हेच तर जास्त झोंबत होतं. आसमानं यीस्ट बदललं, बाटल्या दोनदोनदा उकळल्या, कापसाचे बोळे नवे आणले. अमरावतीहून तिच्या गाइड सुचिता मॅडम फोनवर म्हणाल्या, "अन्नाचं काय? पीठ कुठलं वापरतेस?"

"घरचं आहे मॅडम. दुकानातल्या पुड्यात अळ्या निघाल्या, म्हणून अम्मीनं आमच्या शेतातला मका दळून दिला. एकदम शुद्ध."

जे आपण खातो त्याच्यावर माणूस काय संशय घेणार?

संशय मग दुसरीकडे गेला. त्याच आठवड्यात सकाळी ती लवकर आली, तर खोलीत उदबत्तीचा वास. भाऊराव टेबल पुसत होते आणि कपाटाच्या कोपऱ्यात उदबत्ती जळत होती. आसमाचं डोकंच फिरलं. कॉलेजात ती जपून पुस्तकी मराठी बोलायची, ती कुठल्या कुठं गेली.

"भाऊराव! हे काऊन लावलं तुम्ही? माशा मरून राह्यल्या माह्या, अन् तुम्ही धूर करून राह्यले?"

"म्याडम, इथं स्पिरिटाचा वास येते म्हनून जराशी…"

"जराशी! सहा वर्षं घातली मी यात. सहा! तुमच्या जराशीनं सगळं मातीत गेलं."

हे सगळं नुकत्याच आलेल्या त्या दोन मुलींसमोर. भाऊरावांनी चिमटीनं उदबत्ती विझवली, बोट पोळलं तरी हात मागं घेतला नाही. बासष्टला टेकलेला माणूस. निवृत्त होऊनही रोजंदारीवर यायचा. रविवारी, सुटीच्या दिवशी माशांना ताजं अन्न तेच घालायचे, कुणी न सांगता. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना सांगून आपली बदली ग्रंथालयात करून घेतली. जाताना एवढंच म्हणाले, "माह्या हातून झालं असन तर माफ करा, म्याडम."

आसमा माशा मोजत राहिली. तिला ते पटलंच होतं की यांच्याच हातून झालं.

पण माशा मरायच्या थांबल्या का? छे! जानेवारीत मेल्या, फेब्रुवारीत मेल्या. धूर भिंतीत मुरला असेल म्हणून आसमानं बाटल्या शेजारच्या खोलीत हलवल्या, तिथंही मेल्या. सेलेनियमच्याही मरत होत्या, बिनऔषधाच्याही मरत होत्या; कोण कशानं मेलं हे खुदालाही सांगता आलं नसतं. रविवारचं काम आता तिच्याच गळ्यात होतं. एकदा वर्गात तिनं कारण नसताना खडू फेकून मारला आणि नंतर पायऱ्यांवर बसून रडली. रडून डोळे पुसले आणि पुन्हा माशा मोजायला गेली, दुसरं करणार काय?

मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहिल्यांदाच तिनं मेहकरला जायचं टाळलं. मरा म्हटलं एक दिवस. जानेफळला घराच्या अंगणात तिची आई, समीना, परातीत गहू धूत बसली होती. पाणी दुधासारखं पांढरं होऊन वाहत होतं. आसमा चहाचा कप घेऊन जवळ टेकली.

"इतकं काय निघते वं यातून?" तिनं उगाच विचारलं.

"बोरीक हाय ना. धुतल्याबिगर दळलं तर पोट बिघडते."

आसमाचा कप तोंडाशीच थांबला.

धान्याला किडे लागू नयेत म्हणून बोरीक पावडर चोळतात, हे या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक. किडे मरतात म्हणूनच तर चोळतात! आणि माशी म्हणजे कोण? किडाच की.

"अम्मी," ती हळूच म्हणाली, "माह्यासाठी दळला तो मका… तो धुतला होता ना?"

समीनानं हात न थांबवता मान वर केली. "कायले? तूच तर म्हटलं, माशांसाठी पाहिजे, घाई हाय. बेटा, माशाच तर हायत. त्यायले काय धुऊन-वाळवून खाऊ घालतेत?"

आसमानं कप खाली ठेवला. तिला ओरडायचं होतं, पण कुणावर? दिवाळीच्या सुटीत, याच अंगणात, चादरीवर मका पसरून, नाकाला ओढणी बांधून तो बोरीक चोळला होता तो तिनंच. लहानपणापासून दरवर्षी तीच चोळायची. एका कानाला फोन लावून, सुचिता मॅडमशी माशांच्या जेवणावर बोलत बोलत चोळला होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो हा. आणि चोर सोडून संन्याशाला सुळी दिली, ते वेगळंच.

"काय झालं वं?" समीना घाबरली. "जहर खाल्ल्यावानी तोंड काऊन केलं?"

"काही नाही. माह्याच हातानं झालं."

सोमवारी तिनं आधी अमरावतीला फोन लावला. सुचिता मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "डिसेंबरात कळलं असतं तर तीन पिढ्या आरामात निघाल्या असत्या, आसमा. आता सतरा दिवसांत एक निघेल. समिती एका पिढीवर ऐकणार नाही. मी बोलून बघते, पण तू आशा धरू नकोस."

डिसेंबरात. डिसेंबरात तर तिला गुन्हेगार सापडला होता, मग पीठ कोण तपासणार?

ती ग्रंथालयात गेली. भाऊराव खिडकीशी बसून जुन्या पुस्तकांना पुठ्ठे चिकटवत होते. तिला पाहून उठले.

"बसा, भाऊराव. बसा ना." तीही समोरच्या स्टुलावर बसली. मग सरळच बोलली. "उदबत्तीनं नव्हतं झालं. मक्याले बोरीक होता. आमच्या घरचा. मीच लावलेला."

भाऊरावांनी खळीचा ब्रश वाटीत ठेवला. "म्हंजे माह्या धुरानं नाही मेल्या त्या?"

"नाही. एकही नाही. मी सगळ्यांसमोर बोलली तुम्हाले. माह्यी चूक झाली, काका." याआधी तिनं त्यांना कधी काका म्हटलं नव्हतं.

"अन् तुमचा प्रबंध?"

"गेला बहुतेक."

"अरेरे," भाऊराव म्हणाले, आणि त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. याचाच आसमाला जास्त त्रास झाला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते हाताला चिकटलेली खळ चोळून काढत राहिले. मग खाली बघतच म्हणाले, "आमची घरवाली महामाया गेली तवापासून घरी तिच्या फोटोसमोर रोज सकाळी एक उदबत्ती लावत होतो, म्याडम. नऊ वर्षं. तुम्ही बोलल्या त्या दिवसापासून बंद केली. म्हटलं वास कपड्याले लागते, आपन कॉलेजात येतो, अजून कोनाच्या माशा मराच्या."

आसमाला मान वर करवेना.

"तीन महिने झाले," भाऊराव म्हणाले. "मंग आता लावू का, म्याडम?"