पडद्यामागचं गणित

रोज सकाळी साडेसहाला विनता मागल्या दाराने शाळेला निघायची. पुढल्या दाराने निघायची सोय नव्हती, कारण समोरच्या ओट्यावर बाबाराव राखुंडीने दात घासत बसलेले असत आणि दात घासताना विधवेचं तोंड दिसलं की त्यांचा दिवस नासत असे. विधवांच्या उद्धारावर याच बाबारावांनी जबलपुरात तीन व्याख्यानं झोडली होती. व्याख्यानं संध्याकाळी असतात, हे एक बरं.

सराफ्यामागे मराठी मंडळींनी मुलींचं मिडल स्कूल काढलं होतं, त्याचे हे सेक्रेटरी. सन चौतीसची गोष्ट. विनता तेवीस वर्षांची, चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालेली, भावाच्या आश्रयाला राहणारी. तिला नॉर्मल स्कूलला जाऊन शिक्षिका व्हायचं होतं. त्यासाठी सहा महिने बिनपगारी शिकवल्याचा दाखला हवा, आणि त्यावर सेक्रेटरींची सही.

"शिकवू दे बिचारीला," बाबाराव कमिटीत म्हणाले होते, "गणिताचा पहिला तास देऊन टाका. पण पोरींनी सकाळी सकाळी तिचं तोंड काहून पाहावं?" तास दुपारी ठेवावा, हे एकाही शहाण्याला सुचलं नाही. त्यांना पडदा सुचला! सहावीच्या वर्गाला लागून अडगळीची खोली होती. तिच्या दाराला जाजम टांगलं आणि बाईंना आत बसवलं.

फळा अलीकडे, बाई पलीकडे. विनताने त्यातूनही वाट काढली. मुलीने पडद्याकडे तोंड करून एकेक पायरी मोठ्याने बोलायची. बरोबर असेल तर आतून आवाज यायचा, "पुढे." चुकली तर आतून प्रश्न यायचा. सहा महिन्यांत नुसते पाढे घोकणाऱ्या मुली कारणं सांगू लागल्या. हेडमास्तर श्रीपादराव बाहेर खुर्चीत पेंगायचे, आणि कागदोपत्री गणिताचे मास्तर तेच.

मग इन्स्पेक्ट्रेसबाई तपासणीला येणार असं पत्र आलं. बाबाराव पडद्यापाशी येऊन उभे राहिले.

"विनताबाई, दाखला तयार आहे, सहीसकट. उद्या पडदा काढून दार लावून राहिलो. तुम्ही आत बसा, आवाज काढू नका. बाईसाहेब गेल्या की दाखला तुमचा. समझीं?"

"जी," विनता म्हणाली.

घरी सत्यभामावहिनींनीही तेच सांगितलं. "एक दिवस तोंड शिवून बसा, वन्सं. मग जन्मभर बोलायचंच आहे." विनताला ते पटलं, आणि पटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

दुसऱ्या दिवशी ती दाराआड मोडक्या बाकावर बसून राहिली. बाहेर हारतुरे झाले, भेडाघाटचा संगमरवरी गणपती नजराणा म्हणून दिला गेला. मग इन्स्पेक्ट्रेसबाईंनी बाबारावांच्या नातीला, शकूला, उभं केलं.

"आठ औरतें एक काम बारह दिन में करती हैं. छह औरतें कितने दिन में करेंगी?"

शकू सवयीने बंद दाराकडे वळली. "आठ बायांना बारा दिवस," ती मोठ्याने म्हणाली आणि थांबली. आतून "पुढे" आलं नाही.

"उधर क्या देख रही हो?"

शकू गांगरली. "बाराला आठाने भागून दीड. मग सहा बायांना... नऊ दिवस."

"शाब्बास बेटी!" बाबाराव गरजले. श्रीपादरावांना उत्तर ठाऊक होतं; तरी त्यांनी मान डोलावली. सेक्रेटरींच्या नातीला चूक म्हणायला जो कणा लागतो, तो त्यांच्याजवळ नव्हता.

पडदा विनताने गिळला होता, कागदावरचं हेडमास्तरांचं नावही गिळलं होतं. पण चुकीच्या उत्तराला शाब्बासकी? आपल्या वर्गात? तिने दार उघडलं.

"शकू, बाया कमी झाल्या तर काम लवकर उरकेल का गं?"

शकूचा चेहरा उजळला. "नाही बाई, उशीर होईल! एकटीला शहाण्णव दिवस. सहा जणींना सोळा!"

"बरोबर."

शिकवताना आपल्या बाईंचं तोंड सगळा वर्ग पहिल्यांदाच पाहत होता.

"ये कौन हैं?" इन्स्पेक्ट्रेसबाईंनी विचारलं.

"कोई नहीं जी," बाबाराव घाईने म्हणाले, "विधवा है बेचारी, झाडू-पोछा करती है."

"आमच्या गणिताच्या बाई आहेत!" शकू म्हणाली.

इन्स्पेक्ट्रेसबाईंनी आजोबांकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. मग भेडाघाटला जायचा टांगा आल्याची वर्दी आली. जाता जाता त्यांनी शेरा लिहिला: गणित उत्तम, हेडमास्तरांचे अभिनंदन.

टांगा वळताच बाबारावांनी दाखला काढून टराटरा फाडला. "आता जा नॉर्मल स्कूलला! अपशकुनी कुठली!"

विनता म्हणाली, "तुमची सही फाडलीत, बाबाराव. मला गणित येतं ते कसं फाडाल? दाखला मी दुसरीकडे मिळवीन. पण यापुढे तोंड लपवून शिकवणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाराव राखुंडी घेऊन ओट्यावर आले, आणि बोट तोंडातच राहिलं. समोरच्या ओट्यावर, पुढलं दार सताड उघडं टाकून, विनता बसली होती. भोवती पाट्या घेऊन अकरा मुली, आणि पहिल्याच रांगेत त्यांची शकू.

"शकू! अशी घरात ये आधी!"

शकूने मान वळवून आजोबांकडे पाहिलं.

"थांबा, आजोबा," ती म्हणाली, "एक पायरी राहिली आहे."

"पुढे," विनता म्हणाली.