परत दिलेला बोकड

मला किळस आली की मी लपवत नाही. आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, एस्तेर, विश्वासणाऱ्या बाईने असं तोंड वाकडं करू नये. बरं, नाही करत. पण मग योहानभाऊंनाही सांगा ना कुणीतरी, की ऐकणाऱ्याला मळमळेल इतकं गोड बोलू नका.

योहानभाऊ माझ्या नवऱ्याचे चुलतभाऊ. नवापूरला त्यांचं फरशी-सिमेंटचं दुकान, दारात पांढरी गाडी, आणि आमच्या मंडळीच्या कमिटीत सगळं तेच. माइक कायम त्यांच्या हातात. दर नाताळाला विधवांना ब्लँकेट वाटतात. वाटतात म्हणजे काय, फोटो निघेपर्यंत ब्लँकेटचं एक टोक सोडत नाहीत. म्हातारी इकडून धरते, हे तिकडून धरून दात काढतात. फोटोत कुणाचे डोळे मिटले तर पुन्हा पहिल्यापासून. शी!

माझी सासू मोगराबाई दरवर्षी त्या रांगेत. सासरे गेले तेव्हा माझा नवरा दानियल अंगावर पीत होता. तेव्हा मंडळीने तिला धान्य दिलं, त्यावर घर जगलं, ते मी विसरत नाही. पण आता दानियलची पोरं शाळेत जातात, आमचं भात पिकतं, दिवाळीनंतर तो गुजरातेत कामाला जातो. तरी माइकवर तेच: "आपल्या गरीब विधवा भगिनी मोगराबाई, पुढे या!" ती जाते, घेते, पदर सारखा करून परत येते. मी चिडले की म्हणते, "अगं, त्यांनी आणलंय, तर नाही कसं म्हणू?"

मात्र मागच्या वर्षी भात निंदताना ती एकदम बोलून गेली. "एस्तेर, एकदा तरी माझं नाव देणाऱ्यांत वाचलं पाहिजे गं." मान वर न करता बोलली. तिने कधी कशाचा हट्ट धरलेला मला आठवत नाही, म्हणून ते माझ्या काळजाला लागलं.

तर त्यासाठी तिने बोकड पाळला. शेळीला झालेलं एक मरतुकडं पिल्लू, त्याला बाटलीने दूध पाजून उभं केलं. रोज माळावर जाऊन बोरीचा पाला आणायची. पावसात तो घरात आमच्या गोधडीवर झोपायचा. वर्षभरात असा माजला की अंगणात पाहुणा आला तरी शिंगं रोखायचा. वास तर विचारूच नका. हंगामाच्या सणाच्या आदल्या दिवशी तिने त्याला नदीवर नेऊन माझी शाम्पूची पुडी त्याच्या अंगावर ओतली. माझी! 

हंगामाचा सण म्हणजे भात घरात आलं की पहिलं देवाला. कुणी तांदूळ आणतं, कुणी तूर, कुणी कोंबडी, कुणी डांगर भोपळा. सगळं वेदीपुढे ठेवायचं, देणाऱ्याचं नाव वाचलं जातं, प्रार्थना होते, आणि मग बाहेर मांडवात त्याचा लिलाव. जास्त बोली लावून घेणं हेही अर्पणच. आणि ज्याला ती वस्तू नको असेल तो ती पुन्हा लिलावात टाकतो, म्हणजे मंडळीला दोनदा मिळतं. गुलाबबाईचं डांगर त्या दिवशी तीनदा विकलं गेलं आणि ती तिन्ही वेळा लाजली.

आमच्या बोकडाने वेदीपुढच्या भाताच्या लोंब्या खाल्ल्या. सगळे हसले. पाळकसाहेबांनी नाव वाचलं, "मोगराबाई, एक बोकड." एवढंच. गरीब नाही, विधवा नाही. ती पहिल्या बाकावर बसली होती. तिचे कान लाल झालेले मला मागून दिसले.

मांडवात बोकडावर चांगली चुरस लागली. शेवटी योहानभाऊंनी घेतला. टाळ्या झाल्या. मी म्हटलं चला, पैसे मंडळीला जातील, बोकड त्यांच्या घरी जाईल, झालं. कसलं काय! त्यांनी माइक ओढला.

"प्रिय बंधुभगिनींनो, हा बोकड मी घेतला खरा, पण माझं मन मला खाऊ लागलं. आपल्या गरीब विधवा भगिनी मोगराबाईंनी आपल्या तोंडचा घास आणला आहे. तो आपण घ्यायचा? नाही! मी हा बोकड त्यांना भेट म्हणून परत देतो आहे! काकी, पुढे या!"

मांडव टाळ्यांनी दणाणला. बायका डोळे पुसायला लागल्या.  अहो, पुन्हा लिलावात टाकायचा होता ना! दुसऱ्या कुणाला द्यायचा होता, स्वतः न्यायचा होता. तिने वर्षभर जीव लावून आणलेलं तिच्याच हातात कोंबलं, तेही भिकेसारखं, आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या! त्यांची बायको निर्मला मोबाईल धरून उभी होतीच. "काकी, इकडे बघा, हसा जरा." हे दोरी धरून उभे. बोकडाने त्यांच्या पांढऱ्या बुटावर मुतलं, तेवढंच काय ते बरं झालं.

मोगराबाई दोरी धरून पाळकसाहेबांकडे गेली. मी तिच्यामागेच होते.

"साहेब, मग माझं अर्पण झालं नाही का?"

"झालं की आई. देवाने घेतलं आणि आशीर्वाद म्हणून परत दिलं."

"परत कुठे मागितलं होतं मी?"

 साहेब बिचारे टाय सरळ करत बसले.  तिची हनुवटी थरथरत होती. मला वाटलं, आता रडणार, आणि ती रडली असती तर मी योहानभाऊंची कॉलर धरली असती. पण तिने नाक पुसलं आणि वळून विचारलं, "योहान, हा आता माझाच ना? नक्की?"

"तुमचाच काकी! अगदी मनापासून."

"मग डोंगरसिंगला बोलवा. सुरी घेऊन ये म्हणावं."

आमच्या पाड्यावर बोकड कापायचं काम डोंगरसिंगचं. योहानभाऊ गडबडले. "काकी, अहो पाळायला दिलाय तुम्हाला, तुमचा संसार..."

"तू दिलास, मी घेतला. आता मी जेवायला घालते. आज डाळ-भातावर कुणी उठायचं नाही."

पोरांनी तर उड्याच मारल्या. बायकांनी भराभर कांदे चिरले, मिरची वाटली. कापायच्या वेळी तिने बोकडाच्या कपाळावर हात ठेवला आणि मग घराकडे तोंड करून उभी राहिली. सगळं हातावेगळं झाल्यावर पदर खोचून चुलीपाशी बसली ती रस्सा उतरेपर्यंत उठली नाही.

एवढ्या माणसांत एक बोकड. प्रत्येकाला दोन फोडी आणि रस्सा. वाढायला मी. पहिल्या पंगतीत योहानभाऊ, पाटावर. मी शोधून शोधून हाडूक उचललं. मागून मोगराबाईचा आवाज आला, "एस्तेर, त्याला काळीज वाढ." मी ऐकलं न ऐकलंसं केलं. तिने माझ्या हातातला डाव घेतला आणि स्वतः वाढलं. त्यांनी बोटं चाटली. मिशीला रस्सा लागलेला, कपाळावर घाम. मी तोंड फिरवलं.

हात धुवून हे गृहस्थ पुन्हा माइकवर. "आजच्या मटणाच्या जेवणाबद्दल आपण सर्वांनी योहान आणि निर्मला या कुटुंबासाठी प्रार्थना करावी. ज्यांनी बोकड दिला त्यांचं नाव देवापुढे असो!" स्वतःचं नाव स्वतःच वाचलं! लाजेचा लवलेश नाही. आणि लोकांनी खरकट्या हातांनी आमेन म्हटलं.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पातेलं खाली आपटलं आणि माइककडे निघाले. मोगराबाईने माझं मनगट धरलं. म्हाताऱ्या हातात केवढा जोर!

"सोड आई. तुझं नाव खाल्लं त्याने. सगळ्यांसमोर."

"खाऊ दे."

"वर्षभर कशासाठी मेलीस मग?"

ती काही बोलणार तेवढ्यात निर्मला डबा घेऊन आली. रिकामा, चांगला मोठा. "काकी, मुंडी आणि पाय शिल्लक असतील ना? ह्यांना फार आवडतात."

मला वाटलं, आता तरी मोगराबाई काही बोलेल. नाही. तिने मुंडी फडक्यात गुंडाळली, पाय डब्यात ठेवले, वर आमच्या घरची वाटलेली मिरची घातली आणि निर्मलाला सांगत बसली की मुंडी आधी जाळावर नीट भाजायची, घाई करायची नाही. निर्मला "हो काकी, हो काकी" करत निघाली. गाडीचा दरवाजा आपटला.

मांडव रिकामा झाल्यावर आम्ही दोघी जेवायला बसलो. मी भात चिवडत होते.

"मुंडीपण दिलीस," मी म्हटलं. "आणि नावपण गेलं."

"गेलं कुठे?" तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत मी राग शोधला, निदान थोडं दुखणं. देवाशपथ, काहीच नव्हतं. "एवढ्या माणसांसमोर त्याला ते पाहिजे होतं गं. मी देऊन टाकलं."

मला योहानभाऊंची किळस तेव्हाही आली, आजही येते, आणि ती मी धुवून टाकणार नाही. त्या दिवशी माझ्या वाटच्या फोडी तशाच पडून होत्या. तिने माझ्या पत्रावळीकडे पाहिलं, "तुला नको का?" म्हणाली, आणि माझ्या दोन्ही फोडी उचलून चवीने खाल्ल्या.